यादीत नसलेला आवाज

मुंबईच्या कस्टम कचेरीला अण्णांच्या वतीने सहावं स्मरणपत्र टाइप करत होतो, तेव्हा स्टोअरचा शिपाई बाबूराव दारात येऊन उभा राहिला. "सायेब, अण्णा गेलं वो. चूळ भरून वसरीवर टेकलं, ते उठलंच न्हाईत." कागदावर 'आपला नम्र' एवढं उमटलं होतं. मी तो मशीनमधून ओढून काढला, चुरगाळला आणि खिडकीबाहेर भिरकावला. त्याला दीड महिना झाला. गेलेल्या माणसाचे गुण आठवावेत म्हणतात. मीही आठवतो, पण अण्णांच्या प्रत्येक गुणापाशी माझं डोकं फिरतं.

अण्णा आमच्या कोपरगावजवळच्या साखर कारखान्याचे स्टोअरकीपर. परदेशातून येणाऱ्या यंत्रांच्या सुट्या भागांचे कस्टमचे सगळे कागद तेच तयार करायचे आणि मी ते टाइप करायचो. एकदा ऐन गाळपात बेअरिंगची पेटी आली. कागदावर चार, आत पाच. दुसऱ्या कुणी पाचवं गपचूप फळीवर ठेवलं असतं. अण्णांनी पेटीला पुन्हा खिळे ठोकले आणि कस्टमला कळवलं. त्यांचं उत्तर येईपर्यंत गाळप बंद, फाटकाबाहेर उसाच्या गाड्यांची रांग, आणि चेअरमन तर तोंडाला येईल ते बोलले. अण्णा शांतपणे म्हणाले, "कागद आणि माल एकच असला पाहिजे, साहेब." तेव्हा मला त्यांचा केवढा अभिमान वाटला होता... आज तेच वाक्य आठवलं की दातओठ खात बसतो.

त्यांची एकुलती एक मुलगी कुमुद लग्न होऊन इंग्लंडला गेली. तिकडे तिला मुलगा झाला. नातवाला बघायला जाणं अण्णा-काकूंच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून तिनं स्वतःच्या आणि बाळाच्या आवाजाची टेप पाठवली. कुमुदचं पत्र आलं त्याच दिवशी अण्णांनी कारखान्याच्या क्लबातला टेपरेकॉर्डर रीतसर सही करून घरी आणला. काकूंनी त्याला जुन्या इरकली लुगड्याचा अभ्रा शिवला. पार्सल मात्र मुंबईत अडकलं. कारखान्याची कामं करणारा तिथला एजंट म्हणाला, "कोरी टेप म्हणून लिहायचं ना! आता थोडं चहापाणी करा, आठवड्यात सोडवून देतो." पण मुलगी कुणाची? तिनं वेष्टनावर स्वच्छ लिहिलं होतं, ध्वनिमुद्रित. आणि चहापाण्याचं नाव काढताच अण्णांनी फोन ठेवून दिला.

कचेरीचं फर्मान आलं. टेपवर जे काही बोललं आहे त्याचा शब्दन् शब्द इंग्रजी भाषांतरासह सादर करावा. जी टेप अजून ऐकलीच नाही, तिचा मजकूर! अण्णांनी कुमुदला विचारलं, तिनं आठवेल तसा लिहून पाठवला, अण्णांनी भाषांतर केलं, मी तीन प्रती काढल्या. दोन महिन्यांनी उत्तर आलं की मजकूर टेपशी जुळत नाही, यादीत नसलेला एक आवाज आढळला आहे. मी उसळलोच. "अण्णा, म्हणजे त्यांनी ऐकली! तुमच्या नातवाचा आवाज चार परक्या कारकुनांनी चहा पिता पिता ऐकला, आणि तुम्ही इथं अभ्रा झटकत बसलाय!"

"तपासणं त्यांचं कामच आहे रे," अण्णा म्हणाले. "आपली यादी चुकली."

मग त्यांनी दुरुस्ती सांगितली आणि मी टाइप केली. 'लहान मुलाचे हुंकार. वय चार महिने. भाषांतर शक्य नाही.' सांगताना त्यांचा आवाज कापला... आणि मी गाढव स्पेलिंग तपासत होतो. त्याच दिवशी मुंबईची गाडी धरायला हवी होती, कुणाच्या तरी हातावर काहीतरी टेकवायला हवं होतं आणि अण्णांशी जन्मभर खोटं बोलायला हवं होतं. मी काय केलं? स्मरणपत्रं टाइप केली.

पार्सल आलं ते तेराव्यानंतर चार दिवसांनी. वर शिक्का, 'हरकत नाही'. हरकत नाही म्हणे! काकूंनी टेपरेकॉर्डर अण्णांच्या रिकाम्या खुर्चीसमोर ठेवायला लावला. मी टेप चढवली. कुमुदचं पहिलंच वाक्य होतं, "अण्णा, तुम्ही शिकवलंत तसं वेष्टनावर सगळं खरं लिहिलंय हं, म्हणजे तुम्हाला लवकर मिळेल." तिच्यामागून बाळ हुंकारलं. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "बंद कर रे बाबा," एवढंच म्हणाल्या.

टेपरेकॉर्डर अजून त्या खुर्चीसमोरच आहे. क्लबाकडून दोनदा मागणी आली. काल सेक्रेटरी स्वतः काखेत रजिस्टर मारून माझ्या टेबलापाशी आले. तुम्ही काकूंना सांगा, नियम तो नियम, म्हणाले. मी रजिस्टर उघडून अण्णांच्या सहीची ओळ शोधली. 'परत करण्याची तारीख' या रकान्यात अण्णांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'टेप ऐकून झाल्यावर'. त्यावर बोट ठेवून मी रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं.

"वाचा," म्हटलं. "अण्णांनी टेप अजून ऐकलेली नाही."