नाय म्हाराजा

आमच्या दोन घरांत मिळून गवत कापायचं एक मशीन आहे. खांद्याला अडकवायचं, पेट्रोलवर चालणारं. आधी चुलतभावाची, म्हणजे दादाची काजूबाग, मग माझी, असा क्रम. गेल्या वर्षी शेवटी ते माझ्याकडे होतं. परत नेऊन दिलं तेव्हा दादाने विचारलं, "टाकीतलां पेट्रोल काढलंस मा रे?"

मी म्हटलं, "काढलंय."

काढलं नव्हतं. घरी सुरमईचं कालवण तयार होतं आणि मला भूक लागली होती. याहून बरं कारण मी अजून शोधतो आहे. शिवाय मी शाळेत विज्ञान शिकवतो. पेट्रोल महिनोन्महिने टाकीत राहिलं तर त्याचं काय होतं, हे मला माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही.

यंदा पाऊस सरल्यावर एका रविवारी दादाने मांगरातून, म्हणजे अवजारांच्या खोपटातून, मशीन काढून समोरच्या खळ्यात ठेवलं आणि दोरी खेचली. खुर्र झालं, बस. वीसेक वेळा खेचल्यावर दादाचा खांदा धरला. मग माझा. चोक लावून पाहिला, काढून पाहिला. प्लग काढून पॉलिश पेपरने घासला. ठिणगी छान पडत होती. हवेची जाळी धुतली. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं, ते मी खिळ्याने एवढ्या उत्साहाने कोरून काढलं, की कोणी नीट पाहिलं असतं तर सगळा दोष त्या माशीवर जावा अशी माझी इच्छा उघडी पडली असती. पण मशीन मेलेलंच.

मग दादाने टाकीचं झाकण उघडून वास घेतला. "पेट्रोलाचो वास नाय हो. कोणीतरी रॉकेल घातलां हेच्यात."

तेवढ्यात दादाचं लक्ष पायरीवर बसलेल्या काकांकडे गेलं. काका म्हणजे दादाचे वडील, ऐंशीच्या पुढचे. मांगराची चावी कायम त्यांच्या कमरेच्या करगोट्याला. कोयत्यांचा गंज काढायला रॉकेलची बाटलीही तेच वापरतात.

"बाबा, तुमीच घातलां असतला. अलीकडे तुमका काय आठवणा नाय. ती चावी द्या माझ्याकडे."

"घातला असतला रे झिला," काका म्हणाले आणि करगोट्याची गाठ सोडायला लागले. गाठ सुटेना. मला तेव्हाच बोलता आलं असतं. मी प्लग पुन्हा पुसला.

"थांब," काका म्हणाले, "आधी गाऱ्हाणा घालूया."

वहिनीने नारळ आणला. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालणारा एकेक वाक्य बोलतो आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. काकांनी मशीनसमोर नारळ ठेवून हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्यां मशीन चालू होऊक नाय."

"व्हय म्हाराजा!" दादा, वहिनी आणि मी.

"हेच्या पोटात रॉकेल गेला."

"व्हय म्हाराजा!" दादा आणि वहिनी. मी फक्त ओठ हलवले.

"तां ह्या म्हाताऱ्याच्या हातसून गेला. आता तेका काय आठवणा नाय."

"नाय म्हाराजा!" मी ओरडलो.

वहिनीने मला कोपराने ढोसलं. "भावजी, व्हय म्हणायचा असता."

"नाय," मी म्हणालो. "तां रॉकेल नाय. गेल्या वर्साचा पेट्रोल आसा, शिळा झाला की तसोच वास येता. मियां काढूक नाय. काढलंय म्हणून खोटां सांगलंय." आणि विचारलं नसतानाही सुरमईचं सांगून टाकलं.

"शाळेत पोरांका काय शिकवतस रे तू?" दादा म्हणाला.

कबुली दिल्यावर मशीन लगेच सुरू होईल असं मला उगीच वाटलं होतं. टाकी रिकामी केली, ऑइल मिसळून ताजं पेट्रोल भरलं, तरी खुर्र. शेवटी कार्बोरेटर उघडावा लागला. आतल्या बारीक भोकात जुन्या पेट्रोलचा डिंक बसला होता. वायरीतली एक तार घेऊन मी तो खळ्यात गुडघ्यांवर बसून साफ केला. दादा वरून बघत होता आणि मदत करत नव्हता, ते योग्यच होतं. चौथ्या खेचण्याला मशीन धडधडून सुरू झालं. धुराने सगळे खोकले, कोंबड्या माडाआड पळाल्या.

काकांनी करगोट्याची गाठ पुन्हा घट्ट केली, चावी चाचपली.

"म्हणजे माझां डोक्यां जाग्यावर आसा?"

"आसा, काका."

"मगे ती आंबे काढूची बांबूची घळ. वांदरांनी मोडली, असां तूच सांगलंस मा? माका तर दुसराच कायतरी आठवता."

दादाने मशीन बंद केलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. नारळ अजून फोडायचा होता.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.