हळू आवाजातली तार

नांदुऱ्याचे तारबाबू पाठवण्याआधी प्रत्येक तार मोठ्यानं वाचून दाखवत. मरणाच्या तेवढ्या हळू वाचत.

मला नागपूर आणि पुणे, दोन्हीकडं मेडिकलला जागा मिळाली होती. पुण्यात माझ्या वऱ्हाडी 'मले-तुले'ला हसतील या धास्तीनं मी नागपूर ठरवलं आणि घाईघाईत एक होकाराची, एक नकाराची तार लिहिली.

"पुण्याले येतो!" तारबाबू गरजले. रांगेनं वा वा केली. दुसरी त्यांनी मरणाच्या आवाजात वाचली, "नागपूरले येत नाही."

पत्ते मी उलटे लिहिले होते.

माझा चेहरा पाहून ते म्हणाले, "चुकलं काय बे? पुण्याले भेतं काय?"

सगळी रांग बघत होती.

"नाही, बाबूजी."

यंत्रावर बोट ठेवून ते बराच वेळ थांबले. मी न भिणाऱ्यासारखा उभा राहिलो, तारा तशाच गेल्या, आणि त्या ताठ्यापायी मी पुण्याला गेलो.