तहान मारायचा हुकूम

"परळच्या चाळीतली ना तू? मग दाबून धरायची सवय असेलच."

डॉक्टर मॅडम हे भर हॉलमध्ये बोलल्या. पुढे सगळे पुरुष जवान, मागच्या बाकांवर आम्ही सहा मुली. आम्हीही जवानच. सीमेवर निघायच्या आधीचं आरोग्याचं व्याख्यान चाललं होतं. मी उभी राहून एवढंच विचारलं होतं, "मॅडम, ताफा दिवसभरात दोन-तीनदा थांबतो, तोही उघड्या रस्त्यावर. आम्ही लघवीला जायचं कुठे? पाळी आली असेल तर बदलायचं कुठे?"

मॅडम दादरच्या. हुद्दा मोठा, मराठी अगदी धुतल्यासारखी. ते वाक्य त्यांनी लगेच हिंदीतही सांगितलं, बाकीच्या जवानांना कळावं म्हणून. हॉल खदाखदा हसला. मग उत्तर मिळालं, "पाणी कमी प्या. प्रश्नच मिटला."

शिसारी आली. अंगावर पाल पडावी तशी. कारण सवय खरीच होती. आमच्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला, कडी मोडलेली, बाहेर टवाळ पोरं. दिवे लागले की बायका पाणी पिणंच बंद करायच्या. आमची लाज मॅडमना औषध म्हणून सुचली!

पुरुषांच्या औषधांच्या पेटीत पायाच्या भेगांचं मलमसुद्धा होतं. पॅडचं विचारलं तर, "ते तुमचं खासगी सामान." ताफा थांबला की पुरुष चाकाशी उभे राहून मोकळे. आम्ही गाडीत मांड्या आवळून बसलेल्या. थू असल्या तयारीवर!

मग सरावाला घाटात नेलं. कडक ऊन, अंगावर जाडजूड जाकीट. सहाही जणींनी पहाटेपासून घोटभर पाणी घेतलं नाही. हुकूमच होता ना. संध्याकाळी माझ्या लघवीतून रक्त आलं, तापाने फणफणले. मॅडमनी तपासलं आणि तोंड वाकडं केलं. "म्हणूनच म्हणते, बायकांचं लचांड नको." मला अनफिट ठरवलं. तुकडीतून नाव कापलं. भरतीसाठी मैदानावर दोन वर्षं रक्त आटवलं होतं मी. सीमेवर जायचंय, हे शाळेपासूनचं वेड. गेलं सगळं.

सुट्टीवर चाळीत आले. आईने विचारलं, मी सगळं सांगितलं.  तिने धण्याचं पाणी हातात दिलं आणि ती एकदम भडकली.

"तुझा पणजा महाडच्या तळ्यावर गेलावता. पाण्यासाठी मार खाल्ला त्या माणसाने. आणि तू? कुणीतरी सांगितलं म्हणून तहान मारून आलीस? शी!"

मॅडमच्या बोलण्याने झालं नव्हतं ते त्या 'शी'ने झालं. डोळ्यांत पाणी आलं. रागाचं. मी चाळीत शिकलेली भीती वर्दी घालून मिरवत होते, आणि मॅडमनी त्या भीतीवर डॉक्टरचा शिक्का मारला होता.

बरी झाल्यावर पुन्हा तपासणी. मॅडम बसलेल्या, शेजारी आमचे कमांडिंग साहेब. मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "रिपोर्ट चांगले आहेत. फिट देते. पण आता कुरकुर नको हं. पाणी बेताने, कळलं ना?"

'हो' म्हटलं असतं तर काम झालं असतं. मी बाटली उघडली आणि त्यांच्यासमोर गटागटा प्यायले. मग हिंदीत बोलले. साहेबांना कळायला हवं होतं.

"मॅडम, मैं पानी पिऊंगी. गाडी रुकवाऊंगी. आड मांगूंगी, पेटी में पॅड मांगूंगी. मैं आपकी सलाह से बीमार पडी हूं."

साहेब ओरडले, "आवाज नीचे!"

नाही केला. चेहरा लाल झाला मॅडमचा. पेन खाली ठेवलं आणि मला बाहेर थांबायला सांगितलं.

फिट अजून मिळालेलं नाही. तुकडी निघायला आली. नाव लागलं तर पोटभर पाणी पिऊन गाडीत चढेन आणि लघवी लागली की पत्र्यावर बुक्क्या मारून अख्खा ताफा थांबवेन. नाही लागलं तर याच गोष्टी वरच्या साहेबापुढे बोलेन, त्याच्याही वरच्यापुढे बोलेन. देशासाठी गोळी खायला मी कधीही तयार आहे. कुणाच्या सोयीसाठी तहानलेली राहणार नाही.