न लागणारी मुरड

हे गेल्यानंतर लेक म्हणाली, "आई, आता तू माझ्याकडे राहायला चल. पण गॅरेजमधलं ते काही माझ्या घरी नको हं. घरात मुलं आहेत."

ते म्हणजे यांची रायफल आणि यांनी घरी भरलेली काडतुसं. हे शाकाहारी माणूस, हरणावर कधी बंदूक रोखली नाही. शनिवारी रेंजवर जायचे, लांब लावलेल्या कागदावर गोळ्या मारायचे आणि भोकं पडलेला तो कागद मला आणून दाखवायचे. इथे परदेशात काडतुसं दुकानात मिळतात, पण हे स्वतःच भरत. उडवून झालेल्या पितळी नळ्या घरी आणायच्या, साफ करायच्या, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टिकली बसवायची, बंदुकीची दारू तोलून आत घालायची आणि नळीच्या तोंडात गोळी दाबून बसवायची. हे सगळं गॅरेजमधल्या टेबलावर, हाताने ओढायच्या एका प्रेसवर चाले.

मी तिथे फ्रीजरमधला मटार काढण्यापुरती जायची. माझं शिक्षण चौथीपर्यंत, हे इंजिनिअर. लोकांकडे जेवायला गेलो की हे बाहेर इंग्रजीत बोलत बसायचे आणि मी स्वयंपाकघरात कोणाला तरी पोळ्या लाटू लागायची. घरीही आमचं बोलणं मोजकं. जेवलात का, गोळी घेतली का, लेकीचा फोन आला होता. भांडण कधी नव्हतं. बोलायची सवयच लागली नाही.

मग यांचं हृदय थकलं. जिना चढताना मध्येच थांबू लागले. एका दुपारी मी फ्रीजरपाशी असताना म्हणाले, "अगं, जरा इकडे ये. दांडा ओढून खांदा भरून येतो माझा. शेवटचं काम तू करशील का?"

मी म्हटलं, "मला नाही जमायचं ते. काही उडालं म्हणजे?"

"उडण्यासारखं काम मी तुला देईन का?" म्हणाले आणि स्टूल पुढे सरकवलं.

याला क्रिंप म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. गोळी बसली की नळीचं तोंड तिच्याभोवती किंचित आत दाबायचं, म्हणजे गोळी जागची हलत नाही.

"म्हणजे मुरड," मी म्हणाले. "करंजी तेलात उघडू नये म्हणून घालतो तशी."

"तशीच. फक्त ही तळायची नाही."

"आणि लेकीला डब्यात द्यायची नाही," मी म्हटलं. हे इतके हसले की त्यांना धाप लागली.

पहिल्या काडतुसावर मी जास्त जोर दिला आणि नळीचा तोंडाखालचा खांदा फुगला. हे रागावले नाहीत. ते बाजूला ठेवून म्हणाले, "जोर नको. दांडा टेकला की थांबायचं." त्यानंतर मी रोज दुपारी जाऊ लागले. दारू तोलताना बोलायचं नाही, असा त्यांचा नियम होता. मला तो फार आवडला. जिथे गप्प बसणं हेच बरोबर, अशी जागा मला या देशात पहिल्यांदाच मिळाली होती. तोलून झालं की मात्र हे बोलत. लहानपणी विहिरीत पोहायला शिकले ते, इथे आल्यावर पहिल्या थंडीत किती घाबरले होते ते. इतक्या वर्षांत मी यातलं काही ऐकलं नव्हतं. मीही बोलू लागले.

हे गेले तेव्हा शेवटचे दोन डबे भरलेले होते. सगळ्यांना माझी मुरड.

लेकीने यांच्या रेंजवरच्या मित्राला बोलावलं. म्हातारे गोरे गृहस्थ. दारातच त्यांनी टोपी काढली. ते बोलत होते आणि लेक मला मराठीत सांगत होती. रायफल ते विकून देणार होते. भरलेली काडतुसं मात्र फोडून, गोळी वेगळी, दारू वेगळी करावी लागेल, म्हणाले.

"तुम्हीच वापरा ना ती," लेक त्यांना म्हणाली.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. आत दारू किती घातली याची खात्री नसते, म्हणून दुसऱ्याने भरलेलं काडतूस कोणी उडवत नाही. "तुझे बाबाही माझं उडवत नसत."

मला ते लागलं. आपण केलेलं कोणी पानात तसंच ठेवावं, तसं. पण नियम खरा होता, हे मला माहीत होतं. यांच्याच तोंडून ऐकला होता.

गोळी काढायला हातोडीसारखं एक पोकळ हत्यार असतं. काडतूस त्यात अडकवून जमिनीवर आपटायचं. आधीच्या डब्यांतली काडतुसं एका-दोन ठोक्यांत सुटली. शेवटचे डबे निघाले आणि ते गृहस्थ थांबले. पुन्हा पुन्हा आपटूनही गोळी निघेना. त्यांनी चष्म्याजवळ धरून पाहिलं आणि काहीतरी बोलले.

"आई, ते म्हणतात या रायफलला क्रिंप लागतच नाही. नळीच गोळीला घट्ट धरते. बाबांनी आयुष्यभर कधी केलं नव्हतं म्हणे."

"मी केलं ते," मी म्हणाले.

लेक माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने त्यांना सांगितलं. ते हातातलं हत्यार खाली ठेवून सावकाश बोलले.

"आई, त्यांनी रेंजवर बाबांना चिडवलं होतं, म्हातारपणी हे काय नवीन काढलंस म्हणून. बाबा म्हणाले, ती आता गॅरेजमध्ये येऊन बसते."

मी फ्रीजरला टेकले. पुढचे ठोके पडत राहिले. गोळ्या एका डब्यात, दारू दुसऱ्यात. एकेका नळीवरची माझी मुरड उलगडत होती. शेवटची थोडी काडतुसं उरली तेव्हा मला कळलं की आता नाही बोलले तर काहीच राहणार नाही. मी पुढे झाले आणि स्वतःच इंग्रजीत म्हणाले, "वन. प्लीज."

"आई, नाही. घरात मुलं आहेत," लेक म्हणाली.

त्या गृहस्थांनी तिला हाताने थांबवलं. उडवून झालेली एक रिकामी नळी शोधली. टिकली नाही, दारू नाही. आत गोळी बसवली, ती प्रेसवर लावली, वरचा स्क्रू पिळून जुळवून घेतला. मग स्टूल माझ्याकडे सरकवून बाजूला झाले.

मी बसले. दांडा खाली आणला. टेकला, तिथे थांबले.