तीन नंबरचा सिलिंडर

गाडी आमच्याकडे आली तेव्हाच बारा वर्षांची होती. शेजारचे बेने इस्रायली काका-काकू इस्रायलला मुलाकडे कायमचे राहायला निघाले आणि जाताना ती आम्हाला देऊन गेले. काकांनी तिला गॅसचं किट बसवलेलं होतं. मी तेव्हा शिरढोणच्या पुढच्या एका गावात शाळेवर विज्ञान शिकवत होते, पनवेलहून रोज त्याच गाडीने जायचे. विमानतळ होणार, होणार असं सगळे म्हणत होते. आमच्या वाट्याला तोवर फक्त पळस्पे फाट्यावरची कंटेनरची रांग आली होती.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली आणि त्या रांगेत थांबलं की गाडी थरथरायला लागली. वेगात असली की बरी चालायची. थांबून न्यूट्रलला आली की मध्येच एक ठोका गहाळ व्हायचा, स्टिअरिंग हातात नाचायचं. दोनदा बंद पडली. मागच्या ट्रेलरवाल्याने हॉर्न दाबला तो मी हलेपर्यंत सोडला नाही.

जुन्या पनवेलात चाचांचं गॅरेज होतं. चाचा कोकणी मुसलमान, अठरा वर्षं कुवेतच्या एका वर्कशॉपमध्ये काढून परतलेले, साठी ओलांडलेले. काकांच्या वेळेपासून गाडी तेच बघत. त्यांची ख्याती अशी की बॉनेट उघडायच्या आधी ते दोष सांगत. इंजिन चालू ठेवायचं, चाचा डोळे मिटून अर्धा मिनिट उभे राहणार आणि मग बोलणार.

त्या दिवशीही ते तसेच उभे राहिले.

"मिसिंग मारतेय. प्लग गेले, बाई. बाकी काय नाय."

चारही प्लग नवे घातले. दुसऱ्या दिवशी फाट्यावर तीच थरथर. मी परत गेले तर चाचा म्हणाले, गॅसच्या किटमध्ये कचरा असेल. ते साफ केलं. काही फरक नाही. तिसऱ्यांदा गेले ती शनिवारी दुपारी, सकाळची शाळा सुटल्यावर, आणि खरं सांगायचं तर वैतागून गेले होते.

चाचा बॉनेटमध्ये वाकलेले होते. मी मागून म्हटलं, "चाचा, अंदाजाने काही बदलू नका आता. आधी नक्की काय ते बघू या."

ते काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, राग आला. मी पुन्हा म्हटलं, तरी ढिम्म. मग त्यांनी सहज मान वळवली, मला पाहिलं आणि दचकले. "अरे, बाई, कधी आलात?"

इंजिन चालू करून त्यांनी हातात जाड फडकं घेतलं आणि एकेका प्लगवरची टोपी उपसायला सुरुवात केली. चालू इंजिनात एका सिलिंडरची ठिणगी तोडली की इंजिन आणखी लंगडायला हवं. लंगडलं नाही तर तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नाही. पहिली टोपी काढली तशी गाडी हुंदका दिल्यासारखी हलली. त्यांनी ती परत बसवली. दुसरीलाही तेच झालं. तिसरी काढली, आवाजात काडीचाही फरक नाही. चाचांनी ती बसवली आणि चौथीला हात घातला.

"चाचा, तीन नंबर," मी त्यांच्यासमोर जाऊन म्हटलं. "तीन नंबरला काही बदललं नाही."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी तिसरी टोपी पुन्हा काढली, दुसरा तळवा इंजिनवर ठेवला आणि थोडा वेळ तसेच थांबले.

"बरोबर," ते म्हणाले. इंजिन बंद केलं. फडक्याने हात पुसत स्टुलावर बसले. "वर्ष झालं, बाई. डावा कान तर गेलाच. उजव्याला जवळचं तेवढं येतं. हाताला कळतं की इंजिन लंगडतंय. कुठला पाय लंगडा, ते कानाला कळायचं."

"घरी सांगितलंत?"

"पोराला कळलं तर गॅरेज बंद करायला लावील. अजानसुद्धा आता घड्याळ बघून धरतो मी."

मी म्हटलं, "मग आपण तीन नंबरच बघू. मी ऐकते, तुम्ही करा."

आठवीच्या मुलांना मी सांगायचे की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आम्ही तसंच केलं. तीन नंबरचा प्लग एक नंबरला घातला, एकचा तीनला. दोष तीनलाच राहिला, म्हणजे प्लग नव्हे. वायरींची अदलाबदल केली. तरी तीनच. मग चाचांनी लोखंडी कपाटातून कुवेतहून आणलेला, सिलिंडरमधला दाब मोजायचा कॉम्प्रेशनचा गेज काढला. त्याच्यावर धूळ होती, कारण कान चांगले असताना त्यांना तो कधी लागलाच नव्हता. एकेक प्लग काढून त्या भोकात गेज लावायचा आणि मी चावी फिरवायची. बाकीच्या तिन्ही सिलिंडरांचा काटा जवळजवळ एकाच जागी गेला. तीन नंबरचा त्याच्या निम्म्यापर्यंतही पोचला नाही.

त्यांनी त्या भोकात चमचाभर ऑइल सोडलं आणि पुन्हा फिरवायला सांगितलं. काटा तिथेच.

"पिस्टनची रिंग खराब असती तर ऑइलने दाब वाढला असता," चाचा म्हणाले. आता त्यांचा आवाज नेहमीसारखा झाला होता. "रिंग ठीक हाय. व्हॉल्व्हमधून हवा जातेय."

इंजिन थंड झाल्यावर रविवारी सकाळी त्यांनी वरचं झाकण काढलं. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा दांडा यांच्यात केसाइतकी फट लागते. तीन नंबरच्या धुराच्या व्हॉल्व्हला ती उरलीच नव्हती, फट मोजायची सगळ्यात पातळ पट्टीही आत गेली नाही. गॅसवर चालून चालून व्हॉल्व्हची बैठक झिजली होती, त्यामुळे तो पूर्ण मिटत नव्हता. चाचांनी फट जुळवली आणि गाडी बरीच शांत झाली. पण ते म्हणाले, "हे टिकणार नाय." तीन आठवड्यांत थरथर परतली. मग त्यांनी हेड उतरवलं आणि तो व्हॉल्व्ह माझ्या हातावर ठेवला. कडेचा एक तुकडा जळून गेला होता, नखाने कुरतडल्यासारखा. नवा व्हॉल्व्ह बसवल्यावर गाडी पुन्हा कधी फाट्यावर बंद पडली नाही.

त्यानंतर महिन्याभराने चाचांचा मुलगा मला बाजारात भेटला. मी आधी पनवेलच्या शाळेवर होते तेव्हाचा माझा विद्यार्थी, आता खारघरला नोकरीला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने विचारलं, "बाई, अब्बांना ऐकू कमी येतं का? तुम्ही गॅरेजला असता म्हणून विचारतो. मला ते सांगत नाहीत."

नाही म्हणणं सोपं होतं. पण उघड्या इंजिनाशी काम करणाऱ्या माणसाला मागून कोणी आलेलं कळत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी म्हटलं, "हो. पण गॅरेज बंद करायला लावू नकोस. काम त्यांना अजून येतं. डॉक्टरकडे ने."

चाचा दोन-तीन महिने माझ्याशी कामापुरतंच बोलले. एकदा मी ऑइल बदलायला गेले तर त्यांच्या उजव्या कानात यंत्र होतं. गाडीचं काम संपल्यावर ते म्हणाले, "तुम्ही पोराला सांगितलंत, ते मला आवडलं नाय."

"माहितीय," मी म्हटलं.

"मी स्वतः सांगितलं नसतं कधी." हात पुसत म्हणाले, "नात किती बारीक आवाजात बोलते ते आत्ता कळलं. मला वाटायचं, ती मला घाबरते."

गॅरेज त्यांनी आणखी पाच वर्षं चालवलं. कंप्रेसर सुरू झाला की यंत्र लावून डोकं भणभणतं म्हणायचे, म्हणून तेवढ्यापुरतं ते काढून शर्टाच्या खिशात ठेवत.