बोडख्या डोंगरावरचा धूर

माझ्या बायकोच्या मामांनी ज्याला डोंगरावर नेलं नाही असा माणूस औरंगाबादेत सापडलाच, तर तो परवा बदलीवर आलेला असणार. मामा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फोरमन होते, पण त्यांचा जीव अडकला होता अजिंठ्याकडच्या आपल्या गावामागच्या बोडख्या डोंगरात. त्यावर ना किल्ला, ना लेणी, ना देऊळ. मामांच्या घराण्यानं पिढ्यान् पिढ्या तिथं मेंढरं चारली, एवढंच त्याचं भाग्य. थंडी पडली की मामा दिसेल त्याला धरत. कुणाला सर्दी झाली, "चला वर." कुणाची बढती हुकली, "चला वर." माझं लग्न ठरताना सगळे पगार विचारत होते, तर मामा म्हणाले, "तनखा कितीबी असू द्या, पोराचा दम बघू." अर्धे पोहे टाकून मी तो डोंगर चढलो आणि धापा टाकत जावई झालो.

चढताना मामांचा एकच शब्द, "आलंच!" पायथ्याशी आलंच, मध्यावर आलंच, आमची जीभ बाहेर लोंबू लागली तरी आलंच. अंगावर धोतर, पायात कारखान्याचे बूट, आणि बसायला सक्त मनाई. पहिला हुरडा शिखरावरच भाजायचा हा त्यांचा घरचा रिवाज, म्हणून कणसं, गोवऱ्या, चटणी, दह्याचं मडकं सगळं आमच्या डोक्यावर. त्यात तंबाखूशी त्यांचं हाडवैर. निघण्याआधी गावच्या अंगणात ते आम्हाला रांगेत उभं करून खिसे तपासत. विडी, सिगारेट, काडेपेटी, सारं जप्त होऊन मामींच्या चुलीजवळच्या कोनाड्यात जाई; आगटीपुरती एक काडेपेटी तेवढी निघताना मामा आमच्यापैकी कुणाच्या तरी हाती देत. "डोंगरावर हवा खायची, धूर नाय," असं वर ऐकवत.

एका उन्हाळ्यात मामांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलं. डोंगर काही जिना नव्हे, असा मामांनी त्याचा अर्थ लावला. थंडी येताच मी आणि त्यांचा कारखान्यातला एक मित्र पुन्हा रांगेत उभे राहिलो. मामी मात्र उंबऱ्यात आडव्या आल्या. "जाताय तर जा. वर पोचलात की आगटी पेटवा. धूर दिसला की समजीन, जीव धड हाय. तवर मी चूल पेटवायची नाय."

"अगं, आलंच!" म्हणत मामा सुटले.

दुपार कलताना आम्ही वर पोचलो. मामांनी खड्डा केला, गोवऱ्या रचल्या, कणसं हाताशी घेतली आणि हात पुढं केला, "काडी." मी मित्राकडं पाहिलं, मित्रानं आभाळाकडं. मामींच्या आडवं येण्यात यंदा काडेपेटी द्यायची राहिली होती; सगळ्या काड्या कोनाड्यात होत्या.

मग जे झालं ते बघायला गाव हवं होतं. मामांनी गारगोट्या आपटल्या, मित्राचा चष्मा उन्हात धरला. नुसती बोटं भाजली. शेवटी धोतर सोडून पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर कड्याशी उभे राहून ते निशाणासारखं फडकवू लागले. मी हसून लोळत होतो, तेवढ्यात त्यांचा आवाज फाटला. "हसताय काय, जावईबापू! तिकडं ती घाबरी झाली असंल. तिला वाटंल, गेला म्हातारा!" माझं हसू तिथंच विरलं. मामा तसेच खाली पळायला निघाले.

इतक्यात खाली त्यांच्या घरातून धुराचा जाड लोट उठला. "चूल पेटली! धोतर दिसलं तिला! लई तेज नजर बायकोची!" मामा चड्डीवरच नाचले, आम्हालाही नाचवलं. कोवळी कणसं कच्चीच चोळून खाल्ली. तसा गोड हुरडा मी पुन्हा खाल्ला नाही.

खाली उतरल्यावर चुलीशी मामींनी मला हळूच सांगितलं, "मला अंगणातली कोंबडी धड दिसंना, डोंगरावरचं धोतर कुठलं? कोनाड्यात बघते तर समद्या काड्या हितंच. म्हणलं, ह्यो माणूस आता येडापिसा होऊन डोंगरावरून पळत येणार. मग घातला ओला कडबा चुलीत."

"पण मामी, तुम्हाला काळजी नाही वाटली?"

"वाटली की. पण दोघांतल्या एकाची तरी मिटली."

मामांना आम्ही हे कधीच सांगितलं नाही. बायकोनं गावातून धोतर ओळखलं, हे ते अखेरपर्यंत ज्याला त्याला सांगत राहिले. आता मामा नाहीत. थंडीत मी गावी गेलो की मामी कणसांच्या आधी माझ्या हातात काडेपेटी ठेवतात. मी रमतगमत, मनाला येईल तिथं बसत वर जातो. कुणी "आलंच" म्हणत नाही, म्हणून डोंगर फार लांब वाटतो. आगटीसाठी काडी ओढायला वाकतो आणि खाली बघतो, तर मामींच्या चुलीचा धूर आधीच निघालेला असतो.