पांदणीतले टायर

अण्णांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा डॉक्टरांनी पाणी किती प्यायचं, मीठ किती खायचं, सगळं नीट समजावून सांगितलं. आमच्या वस्तीवरून डांबरी सडकेपर्यंत पावसाळ्यात पोचायचं कसं, ते मात्र सांगितलं नाही. ते त्यांचं काम नव्हतं म्हणा, तरी मला त्यांचा राग आला. मला कुणाचाही राग येतो. आई गेल्यापासून घरात मी आणि अण्णा, माझे वडील, दोघंच. त्यामुळे त्या रागाचा बहुतेक वाटा त्यांच्याच पानात पडतो.

पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात आमचं रान आहे आणि वस्ती रानातच. तिथून सडकेपर्यंत पांदण, म्हणजे दोन्ही बाजूंच्या शेतांमधून जाणारी सगळ्यांच्या वहिवाटीची वाट. खाली निव्वळ काळी माती. ती भिजली की चपला हातात घेऊन चालायचं, तरी पायाला गोळे लागतात आणि पाय उचलणं जड होतं. जालन्याला आठवड्यातून दोनदा जावं लागे. एक खेप चुकली तरी अण्णांच्या अंगात पाणी साठे, तोंड सुजे, धाप लागे. जालन्यात खोली करून राहू म्हटलं तर ते ऐकायला तयार नव्हते. मग मी जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप घेतली. भोकरदनला मी शिकवण्या घेते, त्यामुळे वेळ माझ्या हातातला होता. गाडी चालवायला अण्णांनीच शिकवली होती. त्यांनी आयुष्यभर भोकरदन ते जालना काळी-पिवळी चालवली. तीही टकल्या टायरांवर, हे ते आजही अभिमानानं सांगतात.

जीप आली तेव्हा तिला साधे रस्त्याचेच टायर होते. डांबरावर त्यांना तोड नव्हती. आवाज नाही, हादरा नाही, अण्णा मागं पडून झोपत. पण पाऊस लागला आणि गोठ्याच्या पुढंच चारही चाकं मातीनं लिंपली गेली. खाचा बुजल्या, टायर गुळगुळीत झाले, आणि मी जितका जोर लावला तितकी गाडी जागच्या जागी खाली बसली.

अण्णा दारात उभे होते. म्हणाले, "राहू दे, माय. वाफसा आला की जाऊ."

पावसानंतर माती ना फार ओली ना कोरडी अशी होते, त्याला आमच्याकडे वाफसा म्हणतात. तो आल्याशिवाय कुणी रानात औत घालत नाही, बैल नेत नाही, ट्रॅक्टर तर नाहीच. लहानपणापासून आम्ही वाफशासाठी थांबत आलो, म्हणून तेव्हा मलाही थांबण्यात काही वावगं वाटलं नाही. पेरणीसारखंच डायलिसिसही थांबेल असं आम्ही दोघं धरून चाललो. पाऊस उघडला नाही. अण्णांना श्वास घेता येईना, तेव्हा शेजारपाजारच्या चौघांनी त्यांना बाजेवर घालून सडकेपर्यंत नेलं. चिखलात त्या माणसांचे पाय घसरत होते आणि अण्णांनी वाटभर डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, ते धापेनं.

ते बरे होऊन घरी आल्यावर मी टायरांच्या मागे लागले. जालन्याच्या दुकानदारानं आधी निव्वळ चिखलाचे टायर दाखवले. मोठमोठी बटनं आणि मध्ये बोटं जातील एवढ्या खाचा. त्याच्याच गाडीला ते होते, म्हणून अण्णांना बसवून एक चक्कर मारली. डांबरावर ते इतके घुमत आणि हादरत होते की अण्णांनी छातीला हात लावला. मशीनवरून उतरलेल्या माणसाला तो प्रवास सोसवला नसता. मग ऑल-टेरेन घेतले. दोन्हीकडे चालणारे, आणि खरं सांगायचं तर दोन्हीकडे थोडे थोडे उणे. रस्त्यावर बारीक घूं घूं करतात, ओल्या डांबरावर ब्रेक जरा आधी दाबावा लागतो, डिझेल जास्त पितात. चिखलात त्यांच्याही खाचा भरतात, पण हवा कमी केली आणि लय न तोडता गाडी रेटली की माती फेकली जाते. घरून निघताना हवा सोडायची, पिंपळगावात पंक्चरवाल्याकडे परत भरायची, असं मी ठरवून टाकलं.

पुढच्या पावसात फोर-व्हीलचा गिअर टाकून मी जीप पांदणीत घातली आणि ती एका दमात सडकेला लागली. मी ओरडलेच. अण्णांना म्हटलं, "बघा, आता वाफसा गेला खड्ड्यात!" ते हसले नाहीत. खिडकीतून मान काढून मागं बघत राहिले.

मागं काय झालं होतं ते ऊन पडल्यावर मलाही दिसलं. टायरांनी जितकं चांगलं धरलं होतं तितकीच वाट खोल फाडली होती. त्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या झाल्या. शेजारच्या चाचांची बैलगाडी त्यात कलंडली आणि खताची पोती खाली पडली. चाचांनी पोती उचलली, बैलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि ते गेले. अण्णा ओट्यावर बसून हे सगळं बघत होते.

त्यानंतरच्या खेपेला पुन्हा पाऊस होता. मी हवा सोडून जीप दाराशी लावली, तर अण्णा बाजेवरून उठेनात.

"म्या येत न्हाई. बास झालं आता."

"बास म्हणजे?"

"बास म्हंजी बास. किती दिवस वढायचं?"

मला वाटलं, माणूस जगायला कंटाळला. आणि मी घाबरले की भांडते. तुम्हाला माझी कदर नाही, तुम्हाला मरायचंच असेल तर तसं सांगा, असं वाटेल ते बोलले. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी बाहेर येऊन जीपला टेकून उभी राहिले. त्या घटकेला त्यांना उचलून गाडीत टाकावं की त्यांचं ऐकावं, मला खरंच कळत नव्हतं.

तेवढ्यात पांदणीतून चाचा आले. अनवाणी, गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर खताचं रिकामं पोतं पांघरलेलं. थेट आत गेले.

"अण्णा, उठा की. सकाळधरनं पऱ्हाट्या टाकून राह्यलो आम्ही. तिघं-चौघं लागलोत. पार सडकेपर्यंत चाकोऱ्या भरल्या."

पऱ्हाट्या म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या. प्रत्येकानं पावसाळ्यात चुलीसाठी झाकून ठेवलेलं सरपण असतं ते.

अण्णा भिंतीकडे बघतच म्हणाले, "तुमचं सरपण गेलं. वाट बी माझ्यापायीच मोडली."

"वाट बराबर करता येती, अण्णा. खर्चा काय त्याला, खोरं अन् हात. चला, मी पुढं चालतो, बाई गाडी मागून आणील."

त्यांनी अण्णांच्या पाठीखाली हात घातला आणि अण्णा उठले.

चाचा पुढं चालत होते आणि मी त्यांच्या मागं गाडी घेत होते. चाकांखाली पऱ्हाट्या कडाकड मोडत होत्या. बांधावर दोघं-तिघं खोरी घेऊन उभे होते. त्यांनी नुसती मान हलवली. अण्णांनी प्रत्येकाला हात जोडले.

सडकेला लागल्यावर पंक्चरवाल्याकडे हवा भरली. भोकरदन मागं पडलं. मग अण्णा बोलले, माझ्याकडे न बघता.

"लाजंनं म्हणलो व्हतो म्या. बाजंवरून नेलं तव्हाबी लाजच वाटली. एका माणसापायी साऱ्यांला तरास. पर मला जगायचंय, माय. लई जगायचंय."

मला पुढचं दिसेना. मी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. अण्णांचा सुईनं सुजलेला हात माझ्या पाठीवर आला.

"रड मंग नंतर," ते म्हणाले. "गाडी घे. मशीनीवरचा नंबर जाईन माझा."